धूर, धुके आणि एमबीएची पाटी



आजच्या विषयाचे नाव वाचून काही जणांना नवल वाटले असेल. ज्याचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, त्याने एमबीए आणि कंपन्या यांच्यावर काय बोलायचे? मलाही दोन वर्षांपूर्वी कोणी हा विषय दिला असता तर मी हात जोडले असते. तेव्हा आधी हा विषय माझ्या गळ्यात कसा पडला ते सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. इथल्याच एका गावचा. बापाची जमीन सिडकोने घेतली. जासईच्या लढ्यानंतर साडेबारा टक्क्यांची योजना आली, तिच्यातला भूखंड पुढे या घराच्या वाट्याला आला. आता त्याचीही पन्नाशी उलटली आहे. तो एका संध्याकाळी घरी आला. चहा झाला. म्हणाला, "सर, पोराला एमबीएला घालायचंय. दोन कॉलेजं बघून ठेवलीत. एकाची फी दुसऱ्याच्या तिप्पट. तिथली माणसं सांगतात, आमच्याकडे कंपन्या येतात. भूखंडाचा अर्धा पैसा तिकडे घालू का? सर, कंपन्या नक्की बघतात तरी काय?"

आता बघा, चाळीस वर्षे मी ज्ञान म्हणजे काय, ते कशावरून होते, हे शिकवले. आणि या साध्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्याला म्हटले, बाबा, मला थोडे दिवस दे. ते थोडे दिवस बरेच लांबले. आजचे व्याख्यान म्हणजे त्याला दिलेल्या उत्तराची मोठी आवृत्ती समजा.

सुरुवात जरा मागून करू. अनोळखी माणसाला कामावर ठेवायचे, तर त्याला काम येते हे मालकाने कशावरून ठरवायचे? हा प्रश्न एमबीएपेक्षा फार जुना आहे. जुन्या पनवेलात भाताचा व्यापार होता, गिरण्या होत्या, बंदर होते. पेढीवर मुनीम ठेवायचा तर दोन गोष्टी बघायच्या. एक, त्याचे मोडीचे वळण आणि हिशेब. ते समोर बसवून लिहून घेता येत होते. दुसरी, त्याच्यासाठी शब्द कोण टाकतो. हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा होता. अक्षर चांगले असलेला माणूससुद्धा गल्ला घेऊन पळू शकतो. तेव्हा मामा, शेजारी, गावचा कुलकर्णी असा कोणी तरी मध्ये लागायचा. म्हणजे कसब डोळ्यांनी बघायचे आणि नियत दुसऱ्याच्या शब्दावर मानायची.

आपल्या पनवेलचा धूतपापेश्वरचा कारखाना १८७२ सालचा. त्या वेळी अमेरिकेतले व्हॉर्टन स्कूल निघायला अजून नऊ वर्षे होती. ते निघाले १८८१ साली. हार्वर्डचे बिझनेस स्कूल १९०८ चे. म्हणजे आपल्याकडे कारखाने, पेढ्या, गिरण्या चालू होऊन मालकांच्या दोन पिढ्या सरल्या, तरी "धंद्याची पदवी" नावाची चीज कोणी पाहिलेली नव्हती. १८५७ ला मुंबई विद्यापीठ झाले आणि मॅट्रिक, बी.ए. ही बिरुदे आली. कचेऱ्यांना ती फार सोयीची पडली. बी.ए. नापास हीसुद्धा एक पदवी होती, असे आमच्या वडिलांच्या पिढीतले लोक गमतीने सांगत. पण ती गंमत नुसती गंमत नाही बरं का. नापास का होईना, तो तिथवर पोचला होता, हे मालकाला कळायचे. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१९१३ साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले. व्यापारशिक्षणासाठीचे आपल्याकडचे पहिले मोठे कॉलेज. तरीही मोठ्या कंपन्यांच्या वरच्या खुर्च्यांशी त्याचा संबंध नव्हता. तिथे बसणारे साहेब विलायतेत निवडले जात आणि करारपत्रावर सही करून बोटीने येत. त्यांना 'कव्हेनंटेड' म्हणत. निवड कशावर? शाळा कोणती, कॉलेज कोणते, खेळतो कसा, बोलतो कसा. धंद्याचे ज्ञान इथे आल्यावर होईलच, असा हिशेब. पुढे हिंदी माणसे या खुर्च्यांवर येऊ लागली तेव्हा मोजमाप फारसे बदलले नाही, माणसाचा रंग तेवढा बदलला. प्रकाश टंडन १९३७ साली लिव्हर कंपनीत लागले. ते इंग्लंडात शिकलेले चार्टर्ड अकाउंटंट होते. १९६१ मध्ये ते हिंदुस्थान लिव्हरचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. चोवीस वर्षे लागली.

याच काळात महाराष्ट्रात एक अगदी उलटा प्रयोग चालला होता, आणि त्याच्यावर मला थोडे थांबायचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर. ते मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावला सायकलचे दुकान चालवले. मग लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी. लायकी असून पाटीवरून मागे ढकलले जाणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून असेल, त्यांनी माणसे घेतली ती डोळ्यांनी बघून घेतली. अनंतराव फळणीकरांची शाळा अर्ध्यावर सुटलेली होती, ते त्यांचे कल्पक यंत्रज्ञ झाले. वाडीच्या राखणीला तर त्यांनी तुरुंगात जाऊन आलेली माणसे ठेवली आणि त्यांनी ती राखण इमानाने केली.

हे ऐकून आपल्याला फार बरे वाटते. पण इतिहास सांगताना दुसरी बाजूही सांगायला हवी. किर्लोस्करवाडी सुरू झाली तेव्हा ती मूठभर घरांची वस्ती होती. मालक सकाळी बाहेर पडला की संध्याकाळपर्यंत प्रत्येक माणूस त्याच्या डोळ्यांखालून जायचा. हजारो माणसांच्या कंपनीत मालकाची नजर कुठवर पुरणार? आणि दुसरे असे की, पदवीला न भुलणाऱ्या याच लक्ष्मणरावांनी आपल्या मुलाला, शंतनुरावांना, इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेत एमआयटीला पाठवले. ते १९२६ ला पदवी घेऊन परत आले. यात मला विसंगती दिसत नाही. आपण दुसऱ्याला ओळखू शकतो, पण आपल्या मुलाला दुसरे ओळखतील याची खात्री कुणाला असते?

स्वातंत्र्यानंतर कारखाने वाढले, सरकारी उद्योग आले, पंचवार्षिक योजना आल्या. नजर पुरेना. १९५६ साली टाटांनी टाटा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सर्व्हिस सुरू केली. जशी सरकारची प्रशासकीय सेवा, तशी समूहातल्या सगळ्या कंपन्यांसाठी तरुण अधिकाऱ्यांची एक फळी. आणि १९६१ मध्ये केंद्र सरकारने फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने दोन संस्था काढल्या. कलकत्त्याची आयआयएम एमआयटीच्या सहकार्याने, अहमदाबादची हार्वर्डच्या सहकार्याने. यातली एक संस्था मुंबईत व्हावी असा आधी विचार होता. ती अहमदाबादला गेली. विक्रम साराभाई, कस्तुरभाई लालभाई आणि मुख्यमंत्री जीवराज मेहता यांनी ती ओढून नेली. आपण कदाचित जरा ढिले पडलो. असो. मुंबईला मग १९६३ मध्ये पवईला निटी मिळाली आणि १९६५ मध्ये विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या सहकार्याने चर्चगेटला जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट काढली.

या दोन्ही नावांत आपल्या प्रश्नाचे दोन मोठे धडे आहेत.

पहिला धडा आयआयएमचा. या संस्था विद्यापीठे नव्हत्या, नोंदणीकृत सोसायट्या होत्या. कायद्याने त्यांना पदवी देता येत नव्हती. म्हणून त्या पदविका देत, डिप्लोमा. २०१७ चा आयआयएम कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून त्यांना एमबीए पदवी देण्याचा अधिकार आला. म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ या देशातला सगळ्यात मोलाचा एमबीए हा एमबीए नव्हताच! कागदावर पदविका. आणि ज्या विद्यापीठांना खरीखुरी पदवी देण्याचा अधिकार होता, त्यांच्यातल्या बहुतेकांचा कागद बाजारात त्याच्यापुढे फिका. मालकांनी कधी विचारलेसुद्धा नाही की ही पदवी आहे की पदविका. यावरून मालक काय वाचत होता हे स्पष्ट होते. तो कागदावरचे शब्द वाचत नव्हता. या दारातून आत शिरणे किती अवघड आहे, एवढे तो वाचत होता.

दुसरा धडा जमनालाल बजाजचा. ती चर्चगेटला. कंपन्यांच्या कचेऱ्या चालत जाण्याच्या अंतरावर. कंपन्यांतलेच अधिकारी तिथे शिकवायला येत. संध्याकाळचे वर्ग नोकरी करणाऱ्यांसाठी. म्हणजे ज्याला उद्या माणूस नेमायचा आहे, तोच आज त्याचा तास घेतो आहे. हे पुन्हा मुनिमाचे अक्षर समोर बसवून बघण्यासारखे झाले. अहमदाबादच्या संस्थेनेही पदवीधरांच्या वर्गांसोबत नोकरीतल्या मॅनेजरांसाठी वर्ग चालवले. त्यामुळे कंपन्यांना संस्थेचे प्राध्यापक आधी कळले आणि विद्यार्थी नंतर. नव्या संस्था नेमके हेच विसरतात. इमारत आधी बांधतात.

आता थोडे माझ्या घरच्या अंगणात येऊ द्या.

आपल्या न्यायदर्शनात अनुमानाचे ठरलेले उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. आग प्रत्यक्ष दिसत नाही, धूर दिसतो. धूर हे लिंग, म्हणजे खूण. आणि जिथे धूर तिथे आग, या नेहमीच्या संबंधाला व्याप्ती म्हणतात. मालकाचे नेमके हेच आहे. मुलाची कुवत ही आग. ती मुलाखतीच्या वीस मिनिटांत दिसत नाही. संस्थेचे नाव हा धूर. मालक धुरावरून आगीचे अनुमान करतो.

हीच गोष्ट मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली नोकरीच्या बाजाराबद्दल मांडली, आणि २००१ मध्ये त्याला अकेरलॉफ आणि स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर नोबेल मिळाले. त्याने एक अट घातली, आणि ती फार महत्त्वाची आहे. खूण खरी केव्हा? ज्याच्याकडे कुवत आहे त्याला ती कमी कष्टात मिळते आणि ज्याच्याकडे नाही त्याला ती फार महाग पडते, तेव्हा. दोघांनाही ती सारख्याच भावात विकत मिळू लागली, की ती खूण राहत नाही. आणि त्याच्या मांडणीतला खरा चटका असा की, शिक्षणाने मुलात काहीही फरक पडला नाही, तरी खूण म्हणून ते चालते. प्रवेशपरीक्षेची चाळणी तेवढी कडक हवी.

अमेरिकेतही ही शंका पहिल्यापासून होती. थॉर्स्टीन व्हेब्लेनने १९१८ मध्ये लिहून ठेवले की विद्यापीठात धंद्याच्या शाळेला जागा असलीच तर ती खेळांच्या खात्याएवढी. १९३० मध्ये अब्राहम फ्लेक्सनरने हार्वर्डच्या शाळेवर झोड उठवली. १९५९ मध्ये फोर्ड आणि कार्नेगी या दोन्ही फाउंडेशनांचे अहवाल आले आणि दोघांनीही बिझनेस स्कूलांचा अभ्यासक्रम उथळ आहे असे सांगितले. गंमत बघा, १९५९ ला फोर्ड तिकडे कान उपटत होते आणि दोनच वर्षांनी इकडे रोप लावत होते. अलीकडे, २०१५ मध्ये, लॉरेन रिव्हेरा या समाजशास्त्रज्ञ बाईंचे 'पेडिग्री' हे पुस्तक आले. बड्या सल्लागार कंपन्या, बँका, वकिली पेढ्या यांच्यात निवड करणाऱ्यांच्या मुलाखती घेऊन आणि एका कंपनीची भरती आतून बघून त्यांनी ते लिहिले. तिथली माणसे अभ्यासक्रमाला फार किंमत देत नव्हती. या मुलाला अमुक ठिकाणी प्रवेश मिळाला होता, हेच त्यांना पुरे होते. बी.ए. नापासची गोष्ट आठवली ना? तिथवर पोचला होता.

पण अनुमानात दोन घोटाळे होतात आणि नैयायिकांना ते दोन्ही माहीत होते. पहिला घोटाळा म्हणजे धुक्याला धूर समजणे. आपल्याला हे सांगायला नको. पावसाळ्यात पनवेलहून प्रबळगडाकडे बघा. माथ्यावर जे काही तरंगते त्याला धूर समजून कोणी अग्निशमन दलाला बोलावले तर?

महाराष्ट्रात हे धुके केव्हा पसरले? १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्या निर्णयाला मी सरसकट नावे ठेवणार नाही. नाही तर गावागावातली मुले कर्नाटकात देणग्या देऊन शिकत होती. पण एक घडी बसली. संस्था, जमीन, इमारत, फी. त्याच घडीवर पुढे मॅनेजमेंटची कॉलेजे निघाली. १९९१ नंतर बँका, विमा, टेलिफोन, मॉल यांना विक्रीसाठी माणसे हवी होती. जागा वाढल्या, आणि एक वेळ अशी आली की प्रवेशपरीक्षा दिलेल्या जवळजवळ कोणालाही कुठे ना कुठे जागा मिळू लागली. स्पेन्सची अट तिथे मोडली. फी भरणे हीच खूण झाली. आणि फी बापाची ऐपत सांगते, मुलाची नाही.

मालक मूर्ख नसतो. त्याने तिसरीच खूण शोधली. दहावी, बारावी, पदवी, सगळीकडे साठ टक्के. कंपन्यांच्या जाहिराती बघा. दोन वर्षांच्या एमबीएवर विश्वास नाही, म्हणून मुलगा पंधरा वर्षांचा असताना काय करत होता ते बघायचे! ज्याने एमबीएला लाखो रुपये भरले, त्याचा निकाल दहावीच्या गुणपत्रिकेवर लागतो. हे त्याला प्रवेश देताना कोणी सांगत नाही.

दुसरा घोटाळा याहून गंभीर आहे, आणि इथे मला माझ्याविषयी थोडे सांगावे लागेल. धूर आहे म्हणून आग आहे, हे ठीक. पण धूर नाही म्हणून आग नाही, असे म्हणता येत नाही. नैयायिक उदाहरण देतात तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचे. आग आहे, धुराचा पत्ता नाही. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे.

निवृत्तीनंतर एका कंपनीच्या निवडसमितीवर बाहेरचा सदस्य म्हणून मला बोलावले. नाव सांगत नाही. अर्जांचा गठ्ठा आधीच चाळून झाला होता. बाजूला टाकलेल्या अर्जांतला एक मी सहज उचलला. रायगड जिल्ह्यातलीच मुलगी. बारावीला सत्तावन्न टक्के. त्या वर्षी वडील वारले होते, हे तिने अर्जात एका ओळीत लिहिले होते. पुढे नोकरी करत संध्याकाळच्या वर्गाला जाऊन एमबीए. संस्थेचे नाव कोणी ऐकलेले नव्हते. मी म्हटले, हिला बोलवू या का? अधिकारी अगदी नम्रपणे म्हणाले, "सर, चाळणी कॉम्प्युटर लावतो. एकीला सवलत दिली तर बाकीच्यांचं काय?" मी गप्प बसलो. सही केली, मानधन घेतले, घरी आलो. लोखंडाचा गोळा फळ्यावर काढणारा मी, समोर आला तेव्हा मी ओळखला की नाही हेसुद्धा मला सांगता येत नाही, कारण मी तिला पाहिलेच नाही.

त्या अधिकाऱ्यांचा मुद्दा खोटा नव्हता, हेही मान्य करतो. हजार अर्ज आणि तीन जागा असतील तर चाळणी लागणारच. मालकाच्या दृष्टीने चुकीचा माणूस आत येणे महागात पडते. चांगला माणूस बाहेर राहिला तर त्याला त्याची झळ लागत नाही, ती कळतही नाही. ती झळ त्या मुलीला लागते. दोन्ही चुका सारख्या नाहीत, आणि त्यांचा खर्च एकाच्या खिशातून जात नाही.

आता क्रमवाऱ्यांबद्दल. इथे अनुमान संपते आणि शब्दप्रमाण सुरू होते. स्वतः बघता येत नाही, खुणेवरही भरवसा नाही, तर मग विश्वासू माणसाचा शब्द, आप्तवाक्य. हा आप्त कोण? १९८८ मध्ये अमेरिकेत बिझनेसवीक साप्ताहिकाने शाळांची क्रमवारी लावली. त्यासाठी त्यांनी विद्यार्थ्यांना विचारले आणि नोकरी देणाऱ्यांना विचारले. हे तेव्हा नवीन होते. आपल्याकडे मासिकांनी तोच कित्ता गिरवला. २०१६ पासून सरकारची एनआयआरएफ क्रमवारी निघते. तिच्यात एक घटक आहे लोकमत किंवा प्रतिमा, त्याचे वजन दहा टक्के. त्यात नोकरी देणाऱ्यांचे मत असते.

म्हणजे काय झाले पाहा. मालक क्रमवारी बघून संस्था निवडतो. क्रमवारी काही अंशी मालकाला विचारून लावली जाते. याला न्यायशास्त्रात अन्योन्याश्रय म्हणतात. तू कोणाच्या ओळखीचा? याच्या. आणि हा कोणाच्या? माझ्या. अशा दोन पाहुण्यांना लग्नात जेवायला बसवतात खरे, पण ज्ञान म्हणून त्याचा उपयोग नाही. एनआयआरएफमध्ये इतर नव्वद टक्के आहेत, म्हणून ती बरी. पण त्यातले बरेचसे संशोधन, प्राध्यापकसंख्या, पदव्या असे आहे. त्यातले किती मालकाच्या विचारात असते याची मला शंका आहे.

मालकांच्या मताबद्दलही एक सावधगिरी. २०१६ मध्ये असोचॅम या उद्योगांच्या संघटनेने जाहीर केले की वरच्या वीस आणि सरकारी संस्था सोडल्या तर बाकीच्या बिझनेस स्कूलांतली फक्त सात टक्के मुले नोकरीला लायक आहेत. हा आकडा इतका फिरला की आजही तो भाषणांत ऐकू येतो. पण लायक म्हणजे कोणत्या कामाला? चालू खाती उघडून आणायला दोन वर्षांचा एमबीए लागतो का? त्या कामाला एमबीए मागायचा, पगार पदवीधराचा द्यायचा आणि मग मुलगा नालायक म्हणायचे, हा कुठला न्याय? घेणाऱ्यानेच मालाचा भाव पाडून बोलायची रीत मार्केट यार्डात आपण रोज बघतो.

आणि सगळे मालक सारखे नसतात, हे आपल्या परिसरात राहून तरी कळायला हवे. वर ज्यांची नावे घेतली त्या बड्या कंपन्या ठरावीक संस्थांत जातात, पहिल्या दिवशी जातात आणि निघून येतात. पण तळोजा एमआयडीसीतल्या मध्यम कारखान्याला अहमदाबादचा मुलगा नकोच आहे. तो वर्षभरात जाणार. त्याला कामोठ्याचा किंवा पेणचा, पाळीच्या वेळेला पोचणारा आणि पाच वर्षे टिकणारा माणूस हवा. १९८९ मध्ये जेएनपीटी बंदर सुरू झाले, त्याच्याभोवती कंटेनरची गोदामे उभी राहिली. तिथे बिल ऑफ एंट्री आणि शिपिंग बिल समजणारा, कस्टमच्या माणसाशी नीट बोलणारा मुलगा लागतो. आता विमानतळ आला, मालवाहतूक आणखी वाढेल. आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारात आजही माणूस कोणाच्या तरी शब्दावरच लागतो. मुनीम गेला नाही, मंडळी. त्याच्या टेबलावर कॉम्प्युटर आला एवढेच.

पवईच्या निटीचे उदाहरण देतो आणि थांबतो. २०२३ मध्ये तिचे आयआयएम मुंबई झाले. टेकडी तीच, प्राध्यापक तेच, शिक्षणही एका रात्रीत बदलले नसणार. कारखानदारांना निटीची ओळख साठ वर्षांची होती, त्यांना नवे नाव लागत नव्हते. नाव बदलले ते ज्यांना ती ओळख नव्हती त्यांच्यासाठी. मालकांचा इतिहास लिहायचा तर या दोन गटांचा वेगळा लिहावा लागेल, संस्था ओळखणाऱ्यांचा आणि पाटी वाचणाऱ्यांचा.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून विचारले आहे की ऑनलाइन एमबीएला कंपन्या मानतात का. नोकरीत असलेल्या माणसाला बढतीसाठी त्याचा उपयोग होऊ शकतो. तिथे मालक त्याला रोज बघतोच आहे, त्याला खुणेची गरज नाही. नव्या मुलाला मात्र ते दार अवघड. आत शिरणे सोपे, म्हणून.

आणि पुढे बसलेल्या ताई विचारतात, तुमच्या त्या विद्यार्थ्याचे काय झाले? सांगतो. मी त्याला म्हटले होते, दोन्हीकडे जा आणि विचार की गेल्या वर्षी किती मुले पास झाली, किती नोकरीला लागली, कुठे आणि कोणत्या कामावर. सर्वात मोठा पगार विचारू नको, मधल्या मुलाचा विचार. अहमदाबादच्या संस्थेने पुढाकार घेऊन अशा अहवालांसाठी ठरलेली पद्धत आणि बाहेरची तपासणी आणली आहे, तसा कागद आहे का तेही विचार. तो गेला. महागड्या कॉलेजात त्याला भिंतीवरचे फोटो दाखवले. कागद नव्हता. माझा विद्यार्थी आगरी माणूस, असा सोडतोय होय! त्याने फोटोखालची नावे लिहून घेतली आणि ओळखीपाळखीतून दोघांना गाठले. एक जण खरोखरच बँकेत होता, चांगल्या जागेवर. दुसरा स्वतःच्या काकांच्या एजन्सीत.

मुलगा आता दुसऱ्या, स्वस्त कॉलेजात आहे आणि संध्याकाळी एका क्लिअरिंग एजंटकडे बसतो. त्याला नोकरी कुठली लागेल ते मला ठाऊक नाही. भूखंडाचा पैसा अजून बापाकडे आहे. परवा भेटला तेव्हा विचारत होता, "सर, त्या एजंटकडे अनुभवाचं सर्टिफिकेट कसं मागायचं?"